माळा ते मुद्दल : घर आवरण्याच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

कामाचं नाव लेकीने ठरवलं. माळा म्हणजे आमच्या पुण्यातल्या फ्लॅटचा माळा. त्यावर पत्र्याच्या दोन ट्रंका, साड्यांच्या खोक्यांत कोंबलेले कागद आणि बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, दोऱ्याने बांधलेल्या फायली. लहान खोलीत आमची स्वतःची अडगळ आहे ती वेगळीच. मुद्दल म्हणजे गृहकर्जाचं. २२ लाख बाकी, व्याज ८.७५ टक्के, अजून १२ वर्षं, हप्ता २४,७२८.

दर फ्लोटिंग, म्हणजे बदलता, असल्याने आगाऊ रक्कम भरायला दंड नाही. गणित मांडून पाहिलं. आज एक लाख मुद्दलात टाकले आणि हप्ता तोच ठेवला, तर मुदत साधारण ११ महिन्यांनी आटोपते. म्हणजे एका लाखापायी पुढचं पावणेदोन लाखांच्या आसपास व्याज वाचतं. हा आकडा ऐकल्यावर नवरा न सांगता शेजाऱ्यांकडून शिडी घेऊन आला.

दुसरं लक्ष्य गंगाजळीचं. सहा महिन्यांच्या खर्चाला ३ लाख ६० हजार हवेत, आज २ लाख १० हजार आहेत.

नियम एकच ठेवलाय. कागद हातात आला की विचारायचं, हा पुढे कोण मागणार? आयकर, बँक, सोसायटी, तलाठी, शाळा, कुणीतरी नाव घेऊन सांगता आलं पाहिजे. ‘असू दे, लागेल कधीतरी’ हे उत्तर चालणार नाही.

११ जानेवारी, शनिवार

पहिली ट्रंक. वरच विजेची बिलं, १९९४ पासूनची, जाड तारेत ओवलेली. तारेच्या एका टोकाला लाकडी गोल चकती, दुसऱ्या टोकाला आकडा. खालची बिलं गंजाने तारेला चिकटली होती, ओढली की मधोमध टरकत. त्यांच्यामागे दुधाची कार्डं, रॉकेलच्या पावत्या, बंद पडलेल्या लँडलाइनची बिलं. यातलं काही कुणीही मागणार नाही. ज्या घराची ती बिलं होती ते घरसुद्धा आता आपलं नाही.

सध्याचं विजेचं बिलही कागदावर येणं थांबवलं. महावितरणच्या ‘गो ग्रीन’मध्ये नाव घातलं की छापील बिल बंद होतं आणि बिलामागे १० रुपये सूट मिळते. दहा रुपयांनी कर्ज फिटणार नाही, पण दर महिन्याला एक कागद घरात शिरायचा थांबला.

बाबांच्या हिशेबाच्या वह्या निघाल्या. ‘साखर २ किलो, चिरंजीवांना चप्पल, उसने दिले’, आणि महिनाअखेरीस लाल पेनाने शिल्लक. आई, म्हणजे सासूबाई, वाचत बसल्या ते दुपारचा चहा निवून गेला. वह्या ट्रंकेबाहेर, आईंच्या कपाटात. नियम कागदांना आहे, वह्यांना नाही, असं त्यांनी ठरवलं आणि मी मान्य केलं.

१२ जानेवारी, रविवार

रद्दीवाला. पेपर ११२ किलो, १३ रुपयांनी १,४५६. वह्या-पुस्तकांना त्याहून कमी भाव. काट्यावर आईंची नजर होती, त्यामुळे वजन चोख.

ज्यांवर पॅन, आधार, सही किंवा खाते क्रमांक आहे ते कागद रद्दीत द्यायचे नाहीत. ते हाताने फाडून बादलीत भिजवायचे आणि लगदा कंपोस्टच्या ड्रमात सुका माल म्हणून टाकायचा. दुकानांच्या गुळगुळीत पावत्या मात्र ड्रमात नाहीत, त्या कागदावर रसायनाचा थर असतो. बंद खात्यांची चेकबुकं कात्रीने उभी-आडवी कापली. लेकीने हे काम आनंदाने घेतलं.

१८ जानेवारी, शनिवार

आयकराचे कागद. १९९८ पासूनचे फॉर्म १६ सांभाळून ठेवलेले. १ सप्टेंबर २०२४ पासूनच्या नियमाने जुनं प्रकरण उघडायची नोटीस सर्वसाधारणपणे करनिर्धारण वर्ष संपल्यावर सव्वातीन वर्षांपर्यंत येऊ शकते. दडलेलं उत्पन्न ५० लाख किंवा जास्त असेल तर सव्वापाच वर्षांपर्यंत. आमच्या पगारात ५० लाख दडवायला जागा नाही. तरी गाठीला असावं म्हणून आठ वर्षांची ओळ आखली, त्याआधीचं सगळं बादलीत.

घर-खरेदीचे कागद याला अपवाद. करारनामा, इंडेक्स टू, मुद्रांक शुल्काची पावती, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट हे घर आपलं असेपर्यंत आणि विकल्यावरही काही वर्षं ठेवायचं. इथे स्वयंपाकघराच्या २०१८ च्या कामाची बिलं हाती आली. नवरा फाडायच्या बेतात होता, थांबवलं. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला विकताना दोन पर्याय आहेत, इंडेक्सेशन (महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरणं) न घेता १२.५ टक्के कर किंवा घेऊन २० टक्के. दोन्हींत सुधारणेचा खर्च वजा होतो, पण बिल दाखवता आलं तर. ओट्याच्या ग्रॅनाइटचं बिल अजून स्वच्छ आहे. चिमणीची पावती मात्र इतकी फिकी पडलीय की रक्कम उजेडाकडे धरून वाचावी लागली. लगेच स्कॅन केली.

स्कॅनच्या नावाची पद्धत : आधी वर्ष, मग महिना, मग काय आणि कुणाचं. प्रत एक ढगात, एक पेनड्राइव्हवर. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला तिरका फोटो हे स्कॅन नव्हे, हे घरातल्या सर्वांना सांगून झालं.

२६ जानेवारी, रविवार

बोहारीण आली. सोसायटीच्या फाटकावर हल्ली सोडत नाहीत, आईंनी खाली जाऊन आणली. एका गाठोड्यात नवऱ्याच्या पँटी आणि माझे पंजाबी ड्रेस, दुसऱ्यात जर काळी पडलेल्या दोन साड्या. तिने पुढे केलेलं पातेलं आईंनी बोटाच्या पेराने वाजवून परत केलं. "अगं, यात पावशेर दूध उतू जाईल. तो वरचा डबा दे." अर्धा तास घासाघीस होऊन झाकणाचा डबा आणि एक झारा आला. दोन गाठोडी गेली, दोन वस्तू आल्या. घर रिकामं करण्याच्या दृष्टीने हा व्यवहार नफ्यात म्हणायचा. आईंच्या दृष्टीने तर विजयच.

१ फेब्रुवारी, शनिवार

अर्थसंकल्प. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या पगारी उत्पन्नाला कर नाही, वर ७५ हजारांची प्रमाणित वजावट. नवरा पुढच्या वर्षी तिकडे जाणार, म्हणजे ८० सी ची, गुंतवणुकीवरची, वजावट नाही. दर जानेवारीत ऑफिसात द्यायच्या पुराव्यांची फुगलेली फाइल त्यासोबत जाईल. एजंट मंडळींचा ‘मार्चच्या आत एक पॉलिसी घेऊन टाका’ हा फोनही आता उचलायची गरज नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

रिझर्व्ह बँकेने रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, ६.५० वरून ६.२५ केला. आमचा दर ८.५० होईल. हप्ता कमी करू नका, मुदत कमी करा, असं बँकेला लेखी कळवलं.

८ आणि ९ फेब्रुवारी

दुसरी ट्रंक, बाबांच्या फायली. या दोन दिवसांतच प्रकल्पाचा खरा रंग कळला.

युनिट ट्रस्टच्या मास्टरगेन ९२ चं युनिट प्रमाणपत्र सापडलं. १९९२ च्या तेजीत लाखो मध्यमवर्गीयांनी रांगा लावून घेतलेली योजना, आमच्या बाबांसकट. क्षणभर सगळ्यांचे डोळे चमकले. पण त्याच लखोट्यात युनिट्स परत केल्याची पोच टाचलेली होती, सगळे पैसे बाबांनी केव्हाच घेतले होते. प्रमाणपत्र ही छायाप्रत निघाली. ज्यांच्याकडे अशी पोच नाही त्यांनी म्युच्युअल फंडांच्या जुन्या फोलिओंसाठी, म्हणजे खात्यांसाठी, ‘मित्र’ नावाची शोधसुविधा पाहावी. (मागाहूनची भर : शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने ती फेब्रुवारी २०२५ मध्ये आणली.) दहा वर्षं गुंतवणूकदाराने हात न लावलेले फोलिओ त्यात शोधता येतात.

मग पोस्टाचं पासबुक. राष्ट्रीय बचत पत्र, जानेवारी २०१७, १ लाख रुपये, नामनिर्देशन आईंचं. २०१६ च्या जुलैपासून छापील पत्र बंद होऊन पासबुकावर नोंद मिळायला लागली, त्यामुळे ‘प्रमाणपत्र कुठे दिसत नाही’ म्हणून बाबा गेल्यावर २०२१ मध्ये कुणी ते शोधलंच नाही. दर तेव्हा ८ टक्के होता, पाच वर्षांनी १,४६,९३३. मुदत जानेवारी २०२२ मध्ये संपली आणि तो ८ टक्केही तिथेच संपला. तीन वर्षं पैसे जवळजवळ झोपून आहेत, ट्रंकेत, एका जुन्या दिवाळी अंकाच्या पानांत.

आणि सर्वांत खाली शेअर. एका इंजिनिअरिंग कंपनीची कागदी सर्टिफिकेटं, पहिलं नाव बाबांचं, दुसरं आईंचं. सोबत लाभांशाच्या वॉरंटांचे, म्हणजे चेकसारख्या कागदांचे, न फोडलेले लखोटे. ज्या खात्यात ते भरले जायचे ती शाखा दुसरीत विलीन झाली, बाबांचे पाय दुखायचे, लखोटे साठत गेले.

आजवर विकलेल्या सगळ्या भंगाराची, रद्दीची, कपड्यांची बेरीज केली तर एका लखोट्याएवढी होत नाही. ‘जुनं सामान विका आणि श्रीमंत व्हा’ असं सांगणाऱ्यांनी कधी रद्दीवाल्याच्या काट्यापाशी उभं राहून पाहिलेलं नाही. पैसा वाचलेल्या कागदात आहे, विकलेल्या कागदात नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

जेवणानंतर घरात बैठक. पोस्टाचे आणि शेअरचे पैसे आईंचे, ते आईंच्याच नावावर राहणार. आमच्या मुद्दलात एक रुपया नाही. आई म्हणाल्या, "अरे घ्या की, मला कशाला?" नवरा गप्प बसला, मी ठामपणे नाही म्हटलं. सत्तरी ओलांडलेल्या बाईला स्वतःच्या खात्यातून न विचारता पैसे काढता आले पाहिजेत. पोस्टाची रक्कम ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत जाईल. ८.२ टक्के, तिमाहीला व्याज हातात.

म्हणजे कर्जासाठी आपलीच अडगळ खणायची.

२३ फेब्रुवारी, रविवार

आपली अडगळ. नवऱ्याची मनीबॅक पॉलिसी, २ लाखांची, २० वर्षांची. पाचव्या, दहाव्या आणि पंधराव्या वर्षी २० टक्के मिळायचे. पंधराव्या वर्षाचे ४० हजार आलेच नव्हते, कारण जुन्या नोकरीचं पगाराचं खातं बंद झालेलं. नवीन खात्याचा तपशील, रद्द केलेला चेक आणि डिस्चार्ज फॉर्म दिला.

न वापरलेलं एक बचत खातं, किमान शिल्लक १० हजार अडकवून ठेवणारं. बंद केलं, १८ हजार मोकळे झाले. एक लॉकर, ज्यात चांदीचं निरांजन आणि पुन्हा कागदच. निरांजन घरी, लॉकर परत, वर्षाचं भाडं आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी वाचला. नवऱ्याच्या २००९ ते २०१२ च्या नोकरीचा पीएफ नंबर एका पगाराच्या चिठ्ठीवर सापडला. यूएएन, म्हणजे पीएफचा नोकरी बदलली तरी न बदलणारा क्रमांक, २०१४ मध्ये आला, त्याआधीचं हे खातं कधी जोडलंच गेलं नव्हतं. बदलीचा अर्ज केला. ते पैसे काढायचे नाहीत, पीएफला सव्वाआठ टक्के मिळतात.

लहान खोलीतून व्यायामाची सायकल (तिच्यावर टॉवेल वाळायचे), लेकीची छोटी सायकल, शिवणयंत्र. विकून ७ हजार. मोडके मोबाइल, चार्जर, जुना मॉनिटर ‘स्वच्छ’च्या ताईंकडे दिले. कचरावेचकांची ही सहकारी संस्था ई-कचराही घेते.

तांब्याच्या बंबावरून वाद. वजनाने विकला तर बरे पैसे येतील, पण आई म्हणाल्या तांबट आळीत नेऊन ठोके काढून आणा, विकायचा नाही. नेला. आता तो गॅलरीत आहे आणि मोगरा त्यात लावायचं चाललंय. जागा तेवढीच अडली आहे.

८ मार्च, शनिवार

पोस्टात नामनिर्देशित म्हणून आईंचा दावा. मृत्यूचा दाखला, पासबुक, आधार, पॅन, दाव्याचा फॉर्म, दोन साक्षीदार. काउंटरवरच्या बाईंनी कागद लावून घेण्याचा क्रम सांगितला आणि काम सरळ झालं. पैसे आईंच्या बचत खात्यात.

शेअरचं काम इतकं सरळ नाही. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरचं हस्तांतरण होत नाही. मृत धारकाचं नाव काढून हयात सहधारकाचं नाव ठेवता येतं, पण शेअर कागदावर परत मिळत नाहीत, डिमॅटमध्येच, म्हणजे इलेक्ट्रॉनिक खात्यातच, घ्यावे लागतात. त्यासाठी आईंचं डिमॅट खातं उघडलं. बेसिक प्रकारचं असलं आणि शेअरची किंमत ४ लाखांपर्यंत असली तर वार्षिक शुल्क शून्य, हा सप्टेंबर २०२४ पासूनचा नियम विचारून घ्यावा लागला, आपणहून कुणी सांगत नाही.

कंपनीच्या शेअरधारकांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारकडे पाठवलं : केवायसीचा आयएसआर-१, बँकेने सही ताडून दिलेला आयएसआर-२, नामनिर्देशनाचा एसएच-१३, मृत्यूचा दाखला, मूळ सर्टिफिकेटं. सगळ्याची झेरॉक्स आणि स्पीड पोस्टची पावती इथे फाइल तीनमध्ये.

२२ मार्च, शनिवार

लाभांशाचा उलगडा झाला. एखादा लाभांश सात वर्षं पडून राहिला तर तो सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीत जातो. सलग सात वर्षं न उचलला तर पाठोपाठ शेअरसुद्धा जातात. आमचे २०१६ आणि २०१७ चे लाभांश त्या निधीत गेले आहेत. शेअर मात्र जागेवर आहेत. कारण २०१९ मध्ये बाबांनी एक वॉरंट वटवलं होतं. पासबुकात नोंद आहे, रक्कम शेपाचशेच्या घरातली. कशासाठी ते त्या एका दिवशी बँकेत गेले असतील कोण जाणे, पण त्या नोंदीने सलगता मोडली आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

३० मार्च, गुढीपाडवा

गुढी उभारली, श्रीखंड झालं, आणि दुपारी मुद्दलात १ लाख भरले. मनीबॅकचे ४० हजार, खात्याचे १८, सामानाचे ७, बाकीचे ३५ माझ्या वार्षिक बोनसमधून. भरताना ‘हप्ता कमी’ की ‘मुदत कमी’ असा पर्याय येतो, तिथे डोळे उघडे ठेवायचे. पोच स्कॅन केली.

गंगाजळीला यातून काही नाही. तिच्याकडे लॉकरचं भाडं आणि दर महिन्याला वाचणारं किरकोळ वळवलं आहे. हळू भरेल.

९ एप्रिल, बुधवार

रेपो ६ टक्के. आमचा दर ८.२५.

१२ एप्रिल, शनिवार

रजिस्ट्रारची हरकत. सर्टिफिकेटवर आईंच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त, पॅनवर कमी. एकाच व्यक्तीची दोन नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून पाठवलं. आई नोटरीसमोर म्हणाल्या, "मी एकच आहे हो, छापणाऱ्यांनी दोन केल्या." नोटरी हसला, शुल्क तेवढंच घेतलं.

याच रांगेत वाईजवळच्या जमिनीचे कागद उरकले. चालू सातबारा डिजिटल सहीचा १५ रुपयांत निघतो, त्याच्या जुन्या झेरॉक्स गेल्या. हाताने लिहिलेले फेरफार मात्र प्लॅस्टिकच्या पाकिटात. कोण मागणार ते ठाऊक आहे. वाटणीच्या वेळी सगळेच मागतील.

२७ एप्रिल, रविवार

एक पानाचा तक्ता केला. कोणतं खातं कुठे, नामनिर्देशन कुणाचं, पॉलिसी क्रमांक, डिमॅट, पीएफ, कर्ज खातं, मूळ कागद कुठल्या फाइलमध्ये. पासवर्ड त्यात नाहीत. तीन प्रती : आईंच्या कपाटात, आमच्या, आणि नणंदेकडे. कर्ज खात्यापुढे टीप : पूर्ण फिटल्यावर बँकेने घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे असतात, उशीर झाला तर दिवसाला ५ हजार भरपाई, डिसेंबर २०२३ पासूनचा रिझर्व्ह बँकेचा नियम. आज वाचून उपयोग नाही, पण ज्या दिवशी उपयोग असेल त्या दिवशी आठवणार नाही.

१७ मे, शनिवार

कंपनीच्या रजिस्ट्रारकडून ‘लेटर ऑफ कन्फर्मेशन’, म्हणजे अर्ज मान्य झाल्याचं पत्र, आलं. ते १२० दिवसांच्या आत डिमॅटसाठी द्यायचं होतं, नाहीतर शेअर कंपनीच्या वेगळ्या एस्क्रो खात्यात गेले असते आणि पुन्हा मागण्या-विनवण्या. त्याच दिवशी ब्रोकरच्या शाखेत दिलं. माळ्यावर आता गणपतीचं मखर आणि एक बॅग, बस्स. नवऱ्याने एसीचं रिकामं खोकं तिथे सरकवायचा प्रयत्न केला, ते खोकं खाली आलं.

८ जून, रविवार

शुक्रवारी रेपो थेट अर्ध्या टक्क्याने उतरून ५.५० झाला. आमचा दर ७.७५ होईल. हप्ता तोच असल्याने दरकपातीनेच आठ-नऊ महिने गेले, पाडव्याला भरलेल्या लाखाचे वेगळे. बँकेचं नवीन परतफेडीचं वेळापत्रक मागवलंय, कागदावर नको, ईमेलवर.

आईंच्या डिमॅटमध्ये शेअर जमा झाल्याचा एसएमएस. केवायसी लागल्यामुळे अडकलेले अलीकडचे लाभांशही खात्यात आले. उरले २०१६ आणि २०१७ चे, सरकारी निधीत गेलेले. त्यासाठी आधी कंपनीकडून हक्काचं पत्र, मग त्या निधीचा आयईपीएफ-५ फॉर्म ऑनलाइन, मग त्याची छापील प्रत सह्यांसकट कंपनीकडे, मग वाट. रक्कम दोन्ही मिळून हजाराच्या आत. मी आईंना म्हटलं, "एवढ्यासाठी पुन्हा एक फाइल उघडायची का? सोडून देऊ."

आईंनी चष्मा लावला. "कुणाचे आहेत?"

"तुमचेच."

"मग भर की फॉर्म."

कंपनीला पत्र लिहिलं. फाइल चार.